थोरल्याची टाचणी

तोंडात मापाचा ट्रे बसवलेल्या माणसाला बोलता येत नाही, आणि कवळीमास्तरांना नेमका तेव्हाच बोलायचा जोर चढायचा. गिऱ्हाईक खुर्चीत बसलेलं, मान किंचित पुढे, हातात पत्र्याचं भांडं, तोंडात गुलाबी लगदा घट्ट होत चाललेला, डोळ्यांत पाणी. अशा वेळी मास्तर ट्रे बोटांनी दाबून धरत आणि विचारत, "तुमची होडी पहिल्या फेरीतली की दुसरीतली?" बिचारा हुंकार भरायचा. एक हुंकार म्हणजे पहिली, दोन म्हणजे दुसरी. ट्रे निघाला की माणूस चूळ भरायच्या आधीच बोलायला लागायचा. इतका वेळ गप्प बसवलेल्या माणसाच्या पोटात काही राहत नाही, हा मास्तरांचा अनुभव. त्यांचं सगळं संशोधन असं लोकांच्या तोंडातून काढलेलं होतं. कवळीमास्तर दात देतात आणि लढाई काढून घेतात, असं गावात गमतीनं म्हणत.

लढाई ती एकच. चाळीसेक वर्षांपूर्वी समुद्रापलीकडच्या किनाऱ्यावर हजारो होड्यांतून सैन्य उतरवलं गेलं होतं. त्यावर एवढाले ग्रंथ निघाले आहेत. सेनापतींनी कुठली सिगारेट ओढली, पहाटे धुकं कसं होतं, सगळं त्यांत आहे. गावातली तरणी पोरं एकाच पलटणीत गेली होती आणि एकाच पट्ट्यावर उतरली होती. त्यांच्याबद्दल मात्र त्या ग्रंथांत अर्धं पान. "उजव्या बगलेवर सुरुवातीला काही नुकसान झाले," एवढंच. हे वाक्य मास्तरांनी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक भिंतीवर भिरकावलं होतं. मास्तर तसे तापट. चूक प्लास्टर ओतणाऱ्याची असो की इतिहासकाराची, त्यांचं डोकं सारखंच फिरायचं.

काही नुकसान म्हणजे त्यांचा थोरला भाऊ होता.

थोरला गेला तेव्हा धाकटा, म्हणजे मास्तर, दातांच्या कामावर नुकताच उमेदवारीला लागला होता. थोरल्याचा समोरचा एक दात खेळताना तुटला होता. पलटणीत जायच्या आधी धाकट्यानं त्याला स्टीलची टोपी करून दिली. हातची पहिलीच टोपी. थोडी मोठी झाली आणि भलतीच चकचकीत. थोरला आरशात बघून म्हणाला होता, "अरे, हा दात आहे की बॅटरी? मी हसलो की समोरच्याला अंधारी येईल." आई रडत होती, तीही हसली. तो तसाच हसत स्टेशनवर गेला आणि परत आला नाही. शव मिळालं नाही. पलटणीचा अधिकारी घरी येऊन डोक्यावरची टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, क्षणात गेला, त्याला काही कळलंसुद्धा नाही. शिंप्याच्या घरीही त्यानं हेच सांगितलं, बेकरीवाल्याच्या घरीही हेच. आई पुढे एकदा भांडी घासता घासता म्हणाली, "सगळ्यांचीच पोरं क्षणात कशी रे गेली? एकाचं तरी कुणाचं दुखलं असेल की."

मास्तरांच्या डोक्यात किडा शिरला तो तिथून.

दुकानामागच्या खोलीत पूर्वी जेवणाचं मोठं टेबल होतं. त्यावर मास्तरांनी तो अख्खा किनारा दातांच्या प्लास्टरमध्ये ओतला. नकाशे मागवले, विमानातून काढलेले फोटो मिळवले, भरती-ओहोटीचा उतार साधला. वाळूतले लोखंडी अडथळे कवळीच्या तारेचे केले, टेकडीवरच्या तोफांच्या कोठड्या मेणाच्या. बायको सुरुवातीला म्हणाली, "आता जेवायचं कुठं? तोफांच्या खाली ताटं मांडू का?" मग तिनं कपाळावर हात मारून घेतला आणि ताटं स्वयंपाकघरात नेली. त्या टेबलावर पुन्हा कधी कुणी जेवलं नाही.

पलटणीतून जी पोरं वाचून आली होती ती आता साठीला टेकली होती. गोळ्यांना पुरून उरली, पण दातांनी दगा दिला. एकेक जण मास्तरांच्या खुर्चीत येऊन बसू लागला आणि किनारा भरू लागला. जो जिथं पडला तिथं मास्तर बारीक ड्रिलनं भोक पाडत आणि टाचणी बसवत. टाचणीच्या डोक्यावर लाल मेणाचा ठिपका.

टपालवाल्याच्या तोंडून पहिली ओळ सुटली, तेव्हा मास्तरांना दोन दिवस जेवण गेलं नाही. टपालवाल्याची होडी पाण्यातल्या वाळूच्या उंचवट्याला घासली. सुकाणूवाल्याला वाटलं, किनारा आला. त्यानं पुढचं लोखंडी दार पाडलं. पाठीवर निम्म्या माणसाएवढं ओझं घेऊन पोरं पळत सुटली ती उंचवट्यापलीकडच्या खोल पाण्यात. "पहिले गेले ते वर आलेच नाहीत," टपालवाला तोंड पुसत म्हणाला. "मागचे त्यांच्या अंगावर पाय देऊन पुढं गेले. मीपण. माझ्या बुटाखाली कुणाचं तरी हेल्मेट होतं, मास्तर, आणि ते हलत होतं. मी त्याच्यावरच उभा राहिलो, म्हणून माझं नाक पाण्याच्या वर राहिलं. बाहेर आलो तर बेकरीवाल्याचा पोरगा वाळूत बसून आपलं आतडं दोन्ही हातांनी आत भरत होता, वर वाळू लागतेय म्हणून शिव्या देत होता. मी म्हटलं, चल. तो म्हणाला, थांब, एवढं आवरतो."

बेकरीवाल्याच्या पोराची टाचणी त्या दिवशी लागली. त्याची म्हातारी बहीण येऊन टाचणीच्या डोक्यावरून बोट फिरवून गेली. असं करत करत गावातली बहुतेक घरं येऊन गेली. वाळूत माणसं कशी फाटली, जळत्या तेलात कशी पोहली, मशीनगननं पाण्याच्या कडेला कशी ओळच्या ओळ कापली, हे मास्तरांना आता आपल्या घरच्या जिन्यासारखं पाठ होतं. अंधारातही पाय चुकला नसता.

फक्त चार-पाच टाचण्या हातात राहिल्या. त्यांत थोरल्याची एक.

आई रोज सकाळी दुकानात येऊन खिडकीखालच्या बाकावर बसायची. वय झालेलं, काठी टेकत यायची, पण नजर आणि कान शाबूत. रविवारी मात्र ती मागच्या खोलीत जायची, टेबलाभोवती एक चक्कर मारायची आणि विचारायची, "थोरल्याची लागली का?"

"नाही आई."

"बरं."

एवढंच संभाषण. पण त्या "बरं"नं मास्तरांचा आठवडा जायचा. आई आणखी किती दिवस काढणार होती? तिला थडगं नको होतं, पदक तर तिनं डब्यात टाकलं होतं. आपलं पोर कुठं पडलं ती जागा तिला बोट ठेवून बघायची होती. मास्तरांना ती शोधून द्यायची होती, आणि ती तिच्या जिवंतपणी द्यायची होती.

एक गोष्ट मास्तरांना खटकायची. अडथळ्यांमधून वर चढणारी एक वाट होती. सुरुंग काढून साफ केलेली, दोन्ही बाजूंना पांढरी फीत ओढलेली. मास्तरांनी ती दोन पांढऱ्या दोऱ्यांनी दाखवली होती. त्या दोऱ्यांच्या मध्ये एकही टाचणी नव्हती. सगळी पुस्तकं सांगत होती की वाट उघडली आणि वाहनं सुरळीत वर गेली. पण गिऱ्हाइकांना फितीबद्दल विचारलं की सगळे एकदम चूळ भरायला लागत. टपालवाल्यानं तर इतक्या चुळा भरल्या की मास्तर म्हणाले, "अहो, बेसिन भरलं." तो उठला, पिशवी खांद्याला लावली आणि निघून गेला.

मग एक दिवस माळी आला.

तो शेजारच्या गावातला. सार्वजनिक बागेत कामाला होता. चालत आला होता. बस होती, तरी चालत. म्हणाला, मी गाडीत बसत नाही. मोठा, वाकलेला माणूस, तोंडाचं पार बोळकं झालेलं. जुनी कवळी कुदळीच्या दांड्यावर आपटून फुटली होती.

मास्तरांनी खालचं माप घेतलं. घेताना सवयीनं विचारलं, लढाईत होता का? एक हुंकार. त्या किनाऱ्यावर? एक हुंकार. मास्तरांचे कान टवकारले. ट्रे काढला. पण माळी इतरांसारखा बोलत सुटला नाही. मागच्या खोलीचं दार उघडं होतं आणि तो तिकडं बघत होता.

"ते काय आहे?"

"बघा की," मास्तर खुशीत म्हणाले. "वरचं माप मग घेऊ."

माळी टेबलाशी गेला. मग मातीनं काळं झालेलं बोट त्यानं पुढं केलं आणि दोन पांढऱ्या दोऱ्यांच्या मधोमध ठेवलं.

"इथं टाचण्या का नाहीत?"

"तिथं कुणी मेलं नाही."

"मेले," माळी म्हणाला. "मी होतो ना."

तो बुलडोझरवर होता. चिलखती बुलडोझर, पुढं पोलादी फाळ, बघायला फटीएवढी जागा. दुसऱ्या फेरीत उतरला. पाणी वर चढत होतं. किनारा सुरुंगांनी भरलेला, वर जायला ती एकच वाट. मागं रणगाड्यांची रांग, अर्धे पाण्यात. हुकूम होता: फितीच्या आत राहायचं, थांबायचं नाही, वळायचं नाही. एक गाडी थांबली तर मागच्या सगळ्या तोफांच्या तोंडी.

"सरावात पोरांना एकच गोष्ट शिकवली होती," माळी म्हणाला. "लागलं तर सरपटत पांढऱ्या फितीच्या आत जा. आत सुरुंग नाही. आत तुम्ही सुरक्षित. रोज घोकून घेतलं होतं. वाट गाड्यांसाठी आहे हे आम्हाला सांगितलं, त्यांना नाही. म्हणून जखमी होते ते सगळे आत आले. शिकवलं तसंच केलं त्यांनी. मी फाळ खाली केला तेव्हा ते फितीच्या आत आडवे पडलेले होते. नीट, एकाशेजारी एक. पाय उडालेले, जबडे उडालेले. पण जिवंत होते. फाळ थोडा वर घेतला. वाटलं, खालून निघून जातील. नाही गेले. चाकांच्या लोखंडी पट्ट्याखाली आले की गाडी जराशी उचलली जायची आणि परत बसायची. तेवढंच कळायचं. उचलली, बसली. उचलली, बसली."

दुकानात खिडकीखालच्या बाकावर आई होती. मास्तर तिला पूर्ण विसरले होते.

"पहिला होता त्याचं तोंड मला दिसलं," माळी पुढं बोलत होता. "फटीतून अगदी समोर. हात वर केला होता त्यानं. सूर्य वर आलेला. समोरचा दात चमकला त्याचा. धातूचा दात. इतका चमकला की माझे डोळे दिपले."

मास्तरांनी हातातल्या फडक्याची घडी घातली. पुन्हा घडी घातली. मग म्हणाले, "या. वरचं माप राहिलंय."

माळी येऊन बसला. मास्तरांनी भांड्यात पावडर घेतली आणि पाणी ओतलं. कालवण पातळ करायचं नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. पातळ लगदा टाळूवर थांबत नाही, घशात उतरतो आणि तिथं घट्ट होतो. उमेदवारीत त्यांनी एकदा पातळ कालवलं होतं तर उस्तादानं मुस्काटात मारली होती. म्हणाला होता, माणूस मारशील. त्यानंतर हात कधी चुकला नव्हता. आज मास्तरांनी आणखी पाणी ओतलं.

ट्रे काठोकाठ भरला. एका हातानं माळ्याची हनुवटी धरली आणि ट्रे आत कोंबला. मग जे कधीच करायचं नसतं ते केलं: कपाळावर तळवा ठेवून त्याची मान मागं ढकलली.

"असाच होता का तो?" मास्तरांचा आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू येईना. "असाच, उताणा? बोल की. हुंकार दे. एक म्हणजे हो."

माळ्याचे डोळे मोठे झाले. हात खुर्चीच्या दांड्यांवरच राहिले. लढायचं नाही असं त्यानं ठरवलेलं असावं. पण शरीर कुणाचं ऐकतं? टाचा फळीवर आपटू लागल्या. मांडीवरचं पत्र्याचं भांडं गडगडत गेलं. नाकातून गुलाबी पाणी आलं, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, मग हातही उठले आणि मास्तरांच्या मनगटात नखं रुतली. मास्तरांनी गुडघा त्याच्या छातीवर रोवला आणि सगळं वजन टाकलं. हिरडीतून रक्त आलं. घशातून घरघर येत होती, ती मास्तरांना ऐकायची होती. इतकी वर्षं ते इतरांच्या मरणाच्या गोष्टी ऐकत आले होते. आता एक मरण त्यांना आपल्या हातानं हवं होतं.

काठीचा फटका मनगटावर बसला. दुसरा त्याच जागी. हाड वाजलं.

"सोड," आई म्हणाली. "धाकट्या, सोड त्याला."

हात सुटला. आईनं काठी टाकली, माळ्याची मान पुढं ओढली, ट्रे उपसून काढला आणि दोन बोटं त्याच्या घशापर्यंत घातली. तान्ह्या पोरानं काही गिळलं की घालतात तशी. लगद्याचे गोळे, रक्त, थुंकी, सगळं तिच्या पदरावर आलं. माळी खोकला, ओकला, पुन्हा खोकला. शेवटी श्वास आत गेला तो शिट्टीसारखा वाजत गेला.

त्याला श्वास लागला हे तिनं बघितलं आणि मग त्याच ओल्या हातानं त्याच्या थोबाडीत दिली. अंगात होती नव्हती तेवढी सगळी ताकद लावून. म्हातारी त्या झटक्यानं स्वतःच पडली असती, मास्तरांनी धरलं.

"तो माझा थोरला," ती म्हणाली.

माळ्यानं मान खाली घातली.

"वर बघ. तोंड का उघडं होतं त्याचं? ओरडत होता?"

"नाही."

"दात दिसला म्हणतोस ना? मग? खरं सांग. क्षणात गेला, हे मला सांगू नकोस. ते मी ऐकलंय."

"हसत होता, आई," माळी म्हणाला. "त्याला वाटलं, मी त्याला उचलून न्यायला आलोय. म्हणून हात केला त्यानं. गाडी बघून हसला."

आई बाकावर बसली. मास्तर भिंतीला टेकून उभे होते आणि लहान मुलासारखे रडत होते. दुखऱ्या मनगटाला दुसऱ्या हातात धरून, आवाज करून. आई रडली नाही. ती समोरच्या फरशीकडं बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. बहुतेक ती ते हसू आठवत होती. स्टेशनवरचं असेल, तेच.

"त्याच्या शेजारी कोण कोण होतं?" तिनं विचारलं.

"नावं नाही माहीत. तोंडं सांगू शकेन. एकाचे केस लाल होते. एकाला चष्मा होता."

"चष्मा म्हणजे शिंप्याचा भाऊ." तिनं मास्तरांकडं वळून बघितलं. "याचं माप पुन्हा घे."

"मी? आई, मी याच्या तोंडाला हात लावणार नाही. तो जाऊ दे इथून."

"लाव हात. नीट घे माप. शिंपी अजून जिवंत आहे, लाल केसवाल्याची बहीण आहे. याला त्या घरी जायचंय, आणि बोळक्या तोंडानं बोललेलं त्यांना कळायचं नाही. चाळीस वर्षं तू लोकांची तोंडं उघडवतोस. या गावातल्या सगळ्यांना फितीचं माहीत होतं आणि सगळे चुळा भरत बसले. एकानं तोंड उघडलं, तर त्यात तू लगदा कोंबतोस?" मग माळ्याकडं वळून म्हणाली, "जाशील ना?"

माळी म्हणाला, "जाईन. चालत जाईन."

मास्तरांनी कालवायचं भांडं धुतलं. पावडर घेतली, पाणी मोजून घातलं. मनगट सुजत चाललं होतं, तरी घोटून घोटून कालवलं. चमचा उभा राहील इतकं घट्ट. माळ्याची मान पुढं घेतली आणि ट्रे बसवला. माळ्यानं खुर्चीचे दांडे धरले. मास्तर दर गिऱ्हाइकाला एक वाक्य सांगत, ते आज त्यांच्या तोंडून फुटेना.

"नाकानं श्वास घे," आई म्हणाली. "घशाकडं लक्ष देऊ नको. हळूहळू."

तिनं पडलेलं भांडं उचलून माळ्याच्या हातात दिलं. मग काठी टेकत मागच्या खोलीत गेली, डबीतून लाल ठिपक्याची एक टाचणी घेतली आणि पांढऱ्या दोऱ्यांच्या मध्ये धरली. खुर्चीतून टेबल दिसत होतं.

"इथं?"

दोन हुंकार.

तिनं टाचणी जराशी वर सरकवली, पाण्याच्या रेषेपासून दूर.

"इथं?"

एक हुंकार आला.

भोक पाडायला मास्तरांचे हात मोकळे नव्हते. माप घट्ट व्हायला वेळ लागतो. तोवर आईनं टाचणी तिथंच धरून ठेवली.